नसबंदीने पुरुषाचे नेमके काय जाते?

दुसरे बाळंतपण झाले की बहुतेक घरांत एवढीच चर्चा उरते, की तिचे ऑपरेशन लगेच उरकायचे की सव्वा महिन्यानंतर. ते त्याचे का करू नये, असे एखाद्या आरोग्यसेविकेने सुचवलेच, तर सासूबाई म्हणतात, "त्याला ओझी उचलायची असतात, अशक्तपणा आला तर घर कोण चालवणार?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, पतीच्या नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. आणीबाणीतील सक्तीची धास्ती यामागे आहेच, परंतु माझ्या मते त्याहून मोठे कारण पुरुषाच्या शरीराविषयीचे अज्ञान हे आहे.

वृषणाची कामे दोन आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. वृषणातील बारीक नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात, तर त्या नलिकांच्या मधल्या जागेतील पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. दाढीमिशा, स्नायूंची ताकद, कामेच्छा यांना आधार देणारे हे संप्रेरक थेट रक्तात मिसळते. शुक्रवाहिनीशी, म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या आणि नसबंदीत कापल्या जाणाऱ्या नळीशी, त्याचा काडीचाही संबंध नाही. शुक्राणू मात्र अधिवृषणात, म्हणजे उलगडल्यास सुमारे सहा मीटर भरेल अशा वेटोळ्या नळीत, परिपक्व होतात आणि शुक्रवाहिनीतून जांघेवाटे पोटात शिरून मूत्राशयामागे पोहोचतात. तेथे त्यांत शुक्राशयाचा आणि पुढे प्रोस्टेटचा स्राव मिसळतो. वीर्य म्हणजे मुख्यतः हाच स्राव. वृषणाकडून आलेला वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के असतो. त्यामुळे नसबंदीनंतरही वीर्य येते, आणि अडकलेले शुक्राणू शरीर शोषून घेते.

वृषणकोशाच्या वरच्या भागात शुक्रवाहिनी बोटांच्या चिमटीत कडक दोरीसारखी लागते. बिनटाक्याच्या पद्धतीत डॉक्टर जागा बधिर करून टोकदार चिमट्याने त्वचेला लहानसे छिद्र पाडतात, वाहिनी बाहेर ओढून कापतात आणि तिची टोके बंद करतात. मग दुसऱ्या बाजूची. जड ओझे साधारण आठवडाभर टाळावे लागते, एवढेच. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत मात्र पोटात शिरावे लागते आणि धोकाही अधिक असतो. नसबंदी पुन्हा उलटवता येईलच याची खात्री नसते, म्हणून ती कायमची समजूनच करावी, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

पुढची गोष्ट घाईघाईत सांगितली जाते, याचा मला मनापासून राग येतो. कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून निदान तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरून त्यानंतर वीर्यतपासणी करावी लागते आणि अहवालात शुक्राणू नाहीत हे दिसल्यावरच निर्धास्त होता येते. ही तपासणी टाळलेल्या घरात दिवस गेले, तर संशय बायकोच्या चारित्र्यावर घेतला जातो. तपासणीची तारीख नवऱ्याच्या हाती लेखी देऊन, बायकोलाही समोर बसवून समजावल्याशिवाय कोणत्याही दवाखान्याने त्या जोडप्याला घरी पाठवू नये.