हार-तुरे, जेवण आणि 'नर्सबाई'

नमस्कार. ठाणे-नवी मुंबईत एचआयव्हीच्या पेशंटचं काम करणाऱ्या सगळ्यांची, डॉक्टरपासून लॅब टेक्निशियनपर्यंत, एकच संघटना हवी असं मी लिहिलं. त्यावर आपण म्हणता: "असोसिएशन म्हणजे हार-तुरे आणि औषध कंपनीचं जेवण. आता रोज एक गोळी, कुठलाही एमबीबीएस देईल. वर्गणी कोण भरणार, नोंदणी कुठे? नर्सबाईंनी आठवणी लिहाव्यात, धोरण डॉक्टरांवर सोडावं."

जेवणाचं मान्य. शेवटच्या सत्रापेक्षा बुफेच्या रांगेत गर्दी जास्त असते, आणि कंपनीचं नाव छापलेली पिशवी मीही भाजीला नेते.

पण ते शेवटचं वाक्य! मतभेद असू द्या हो, सूर कसला हा? अमेरिकेत एड्सच्या पेशंटची शुश्रूषा करणाऱ्या नर्सांनी 'असोसिएशन ऑफ नर्सेस इन एड्स केअर' काढली ती १९८७ साली. एझेडटी हे पहिलं औषध तिथे मंजूर झालं तेही त्याच वर्षी. इंटरनॅशनल एड्स सोसायटी त्यानंतरची, १९८८ची. त्या बायका आठवणी लिहीत बसल्या नव्हत्या.

आणि आठवणीच हव्यात तर घ्या. मी ठाण्यात वॉर्डात होते तेव्हा सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषधोपचार, सुरूही झालं नव्हतं. ते आलं १ एप्रिल २००४ ला, आणि आपल्याकडचे पेशंट लोकलने जे. जे.ला जायचे. मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे रात्रपाळीत मला सुई टोचली. वरिष्ठांना उठवलं तर म्हणाले, "सकाळी बघू." पीईपी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं, ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, आणि मग २८ दिवस, हे मला दुसरीकडच्या एका सिस्टरने फोनवर सांगितलं. ओळखीची होती म्हणून. ओळख नसलेल्या पोरीने कुणाला फोन लावायचा? मला संघटना हवी ती त्यासाठी. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात सुरक्षित कामाची जागा, पीईपी, प्रशिक्षण ही संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारीही नेमायचा आहे. एकटी सिस्टर हे मागायला गेली की पुढच्या आठवड्यात तिची ड्युटी बदलते. हे धोरण नाही तर काय आहे, तेवढं आपणच सांगा.

रोज एक गोळी, खरंय, तीन औषधं एकत्र: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राव्हिर. पेशंटला टीबी निघून त्यावरचं रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. टीबीचा कागद एका खिडकीवर, एआरटीचा दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवून बघणारा बऱ्याचदा फार्मासिस्ट असतो, आणि तो आपल्या 'डॉक्टरांवर सोडावं'मध्ये कुठेच बसत नाही.

वर्गणी, नोंदणी वगैरे होईल. गृहनिर्माण सोसायट्यांना जमतं ते आम्हालाही जमेल.

आपली दुसरी प्रतिक्रिया मी छापलेली नाही, छापणारही नाही. त्यात आपण कोपरखैरण्यातल्या एका पेशंटची बिल्डिंग आणि मजला लिहिला आहे. धोरण शिकवायला निघालेल्या माणसाला, पेशंटच्या संमतीशिवाय हे उघड करणं त्याच कायद्यात बसत नाही, हे मी सांगायचं?