आठ दिवसांत सात पार्क का बसत नाहीत: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. आर.व्ही.ने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, अमेरिकेतल्या युटा राज्याच्या पार्कांत (राष्ट्रीय उद्यानांत) फिरण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात मांडतो. आठ दिवसांत फक्त तीन पार्क सुचवणं तुम्हाला आळशीपणाचं वाटतं. तुमचा बेत असा: लास व्हेगासहून डेथ व्हॅली, मग झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड आणि परत व्हेगास. गाडी ३० फुटी, माणसं सहा, त्यांत पुण्याहून येणारे आई-बाबा, निघायचं २२ जूनला. डेथ व्हॅली वगळायचा सल्ला तुम्हाला भित्रेपणाचा वाटतो, गाडीतल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांवरचे दोन परिच्छेद नकोसे वाटतात, आणि ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असताना सहा महिने आधी मुक्कामाची जागा कशाला राखायची?’ असं तुम्ही विचारता. शेवटची तक्रार झायनच्या बोगद्याची. १५ डॉलरचा परवाना काढून जा असं लेखात होतं, आणि गाडी देणाऱ्या कंपनीने तुम्हाला सांगितलं की तसं आता चालत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर तुमचं पूर्ण बरोबर आहे. माझी माहिती जुनी झाली होती, लेखातला तो भाग आजच बदलला. झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० साली पुरा झाला, लांबी १.१ मैल, आणि आतली कमान त्या काळच्या मोटारींच्या मापाची. मोठी गाडी सरळ आपल्या लेनमधून गेली तर तिचा वरचा कोपरा कमानीला घासतो, म्हणून तिला मधोमध चालावं लागतं. त्यासाठी पूर्वी समोरची वाहतूक थांबवत, त्याचे ते १५ डॉलर. ७ जून २०२६पासून ही सोय बंद झाली. लांबी ३५ फूट ९ इंच, रुंदी ७ फूट १० इंच, उंची ११ फूट ४ इंच, वजन ५०,००० पौंड, यांतली एकही मर्यादा ओलांडली की त्या रस्त्याने जाता येत नाही. भाड्याची ३० फुटी क्लास सी गाडी (ट्रकच्या सांगाड्यावर घर बांधलेली आर.व्ही.) साधारण १२ फूट उंच आणि आठ फुटांहून रुंद असते. म्हणजे लांबीत ती बसते, पण उंचीत आणि रुंदीत नाही.

याचा तुमच्या बेतावर काय परिणाम होतो ते बघा. बोगद्यातून झायन ते ब्राइस सुमारे ८५ मैल. तो बंद म्हणजे ला व्हर्किन गावापर्यंत मागे येऊन आय-१५ महामार्गाने उत्तरेला जायचं, एक्झिट ९५ला युटा-२० हा रस्ता घ्यायचा, मग यूएस-८९ आणि युटा-१२. असे साधारण १५० मैल होतात. नकाशावर सीडर सिटीहून निघणारा युटा-१४ जवळचा दिसतो, पण तो जवळजवळ १०,००० फुटांवर चढतो आणि उतार तीव्र आहेत. पहिल्यांदाच इतकी मोठी गाडी हाती घेणाऱ्याने युटा-२०च धरावा, ट्रकवालेही तोच धरतात.

माझं मूळ म्हणणंही हेच आहे. असा प्रवास मैलांवर आखता येत नाही. गाडीची उंची, लांबी, वजन आणि टाक्या मार्ग ठरवतात. तुमच्याच यादीवर ३० फुटांची पट्टी धरून पाहा. डेथ व्हॅलीतल्या आर्टिस्ट्स ड्राइव्हवर आणि दान्तेज व्ह्यूच्या रस्त्यावर २५ फुटांची मर्यादा आहे, म्हणजे तिथली दोन सर्वांत देखणी ठिकाणं ऊन असो-नसो तुमच्या गाडीला बंदच. मॉन्युमेंट व्हॅलीच्या आतल्या १७ मैलांच्या कच्च्या फेरीवर आर.व्ही. सोडत नाहीत, स्थानिक गाइडची जीप घ्यावी लागते. आर्चेसशेजारच्या मोआब गावाजवळ कॅन्यनलँड्स पार्कचा विलो फ्लॅट कॅम्पग्राउंड (गाड्या-तंबूंचा मुक्कामाचा तळ) गाठावासा वाटला तर तिथे १२च जागा, २८ फुटांची मर्यादा आणि पाणी नाही. ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राउंडची मर्यादा नेमकी ३० फूट, म्हणून मागे सायकलींचा रॅक लावलात तर अडचण. तिथे ट्रेलर व्हिलेज या तळावर जागा घ्यावी, ५० फुटांपर्यंतच्या गाड्या बसतात आणि वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही जोडण्या मिळतात.

आता वेळ. तुमच्या मार्गाची बेरीज १,४५० मैलांच्या आसपास जाते. फोनवरचा नकाशा दाखवतो तो वेळ मोटारीचा. आर.व्ही.साठी त्यात पाव भाग वाढवावा आणि घाट जास्त असले तर तिसरा हिस्सा. सकाळी वीज-पाण्याचे पाइप काढणं, आतलं सामान बांधणं, कपाटं-खिडक्या बंद करणं यात पाऊण तास जातो, संध्याकाळी गाडी समतल करून परत जोडण्यात अर्धा तास. पहिला दिवस तर हातात धरूच नका. गाडी दुपारी मिळते, ती समजून घेण्यात तास जातो, मग किराणा. आणि शेवटच्या दिवशी सहसा सकाळीच ती टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल भरून परत द्यायची असते. आठातले सहाच दिवस उरले. सहा दिवसांत सात ठिकाणं म्हणजे अष्टविनायक एका दिवसात उरकण्यासारखं, दर्शन झालं एवढंच.

पेट्रोलचा हिशेबही तुम्ही मोटारीचा केला आहे. ही गाडी गॅलनला ८ मैल देते, घाटात आणि समोरच्या वाऱ्यात त्याहून कमी. १,४५० मैलांना १८० गॅलन लागतील. गॅलनला ४ डॉलर धरले तरी ७२० डॉलर, वर मैलामागचं भाडं आणि जनरेटरच्या तासांचं वेगळं. आई-बाबांसाठी आणखी एक खर्च: १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे, आणि असा पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यनसह ११ पार्कांत १६ वर्षांवरच्या प्रत्येकी १०० डॉलर जादा.

डेथ व्हॅलीबद्दल मी शब्द मागे घेणार नाही. जूनमध्ये तिथलं दुपारचं सरासरी तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या आसपास असतं. आर.व्ही.च्या छतावरचा एसी बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंश फॅरनहाइट खाली आणतो, त्याहून फार नाही, कारण या गाडीच्या भिंती पातळ आणि काचा मोठ्या. बाहेर ११५ असेल तर आत ९५. सत्तरीच्या माणसांना त्यात रात्र काढायला लावायची? भाड्याच्या बऱ्याच करारांत उन्हाळ्यात तिथे जायला मनाईच असते, आणि मनाई मोडून गाडी बंद पडली तर टोइंगचा सगळा खर्च तुमचा. डेथ व्हॅलीतलं स्टोव्हपाइप वेल्स समुद्रसपाटीला आहे आणि पश्चिमेला निघताना लागणारी टाउन पास ही खिंड ४,९५६ फुटांवर. त्या सलग चढावर इंजिन तापतं, ते वाचवायला एसी बंद करावा लागतो. डेथ व्हॅली नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा, ती तेव्हा फार सुंदर असते.

चढाबद्दल बोलतोच आहे तर उतारही. हवा पातळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के कमी होते. ब्राइसला ८,००० फुटांवर चौथा हिस्सा ताकद गेलेली असते. ही घट फक्त वेळ खाते, जिवावर बेततो तो उतार. युटा-१२वर एस्कलान्टे ते बोल्डर या टप्प्यात १४ टक्क्यांपर्यंत उतार आहेत, आणि हॉगबॅक म्हणतात त्या धारेवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दरी आहे. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता ९,६०० फुटांवर जातो. हा रस्ता आर.व्ही.ला बंद नाही, पण तुम्ही ब्राइस ते मोआब एका दिवसात धरलं आहे, म्हणजे अंदाजे २७० मैल आणि शेवटचा भाग अंधारात. संध्याकाळी तिथे हरणं आणि मोकळी सोडलेली गुरं रस्त्यावर येतात. ‘ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा’ हे आपल्या घाटात ट्रकवाले सांगतात तेच इथेही खरं. टो-हॉल मोड (जड गाडीसाठी गिअर खालचा ठेवणारी सोय) चालू ठेवा आणि गाडी उताराला लागण्याआधी गिअर खाली आणा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. ठरवलेला वेग गाठला की ठाम दाबून पाच मैलांनी कमी करा आणि पूर्ण सोडा. सतत हलका दाबलेला ब्रेक थंड होत नाही. आतलं तेल उकळलं की पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही.

टायरही इथेच बघून घ्या. गाडी ताब्यात घेताना टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी वाळवंटातल्या उन्हाने कडा तडकतात, तसा टायर असेल तर बदलून मागा. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून काढू नका, रात्री ती कमी पडेल, आणि कमी हवेचा टायर तापून फुटतो.

आता तुम्हाला नकोशा वाटलेल्या टाक्या. सहा माणसांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून परत लिहितो. या मापाच्या गाडीत चांगलं पाणी साधारण ४० गॅलन, अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची ग्रे टाकी आणि संडासाची ब्लॅक टाकी प्रत्येकी ३०च्या आसपास. शॉवर मिनिटाला २ गॅलन धरला आणि सहा जणांनी पाच-पाच मिनिटं अंघोळ केली तर ६० गॅलन होतात. पाणी संपेल, आणि त्याआधी ग्रे टाकी भरून पाणी शॉवरच्या जाळीतून वर येईल. अंगावर पाणी घेऊन बंद करा, साबण लावा, मग परत सुरू करा. भांडी आधी कागदाने पुसा, तेल आणि डाळ टाकीत गेली की दुर्गंधी सुटते. पूर्ण जोडणीच्या जागेतही ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच उघडायचा. सतत उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि मैला तळाशी थर धरतो, मग तो निघता निघत नाही. रिकामी करताना ब्लॅक आधी, ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे घाला.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॉट. एसी १२-१३ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढेच, १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५. तिन्ही एकदम चालू केलं की ब्रेकर पडतो. जोडणी नसेल तिथे हीटरचा पंखा रात्रभरात बॅटरी संपवतो. ब्राइसला जूनमध्येही रात्री पारा ४-५ सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो, तेव्हा पांघरुणं भरपूर घ्या. आणि कुकर घ्याच. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांना उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही.

राहिली जागा राखण्याची गोष्ट. बिऱ्हाड पाठीवर असलं तरी राष्ट्रीय उद्यानांत रात्री फक्त ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच राहता येतं, पार्किंगमध्ये नाही. बाहेरच्या सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी फुकट राहता येतं, पण तिथे जाणारे रस्ते बहुधा कच्चे आणि भाड्याच्या करारात कच्चा रस्ता वर्ज्य. शिवाय एसीसाठी वीज हवी. कॅपिटल रीफच्या फ्रूटा कॅम्पग्राउंडमध्ये ७१ जागा आहेत, एकीलाही जोडणी नाही. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये वीज मिळते, पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला सोय आहे, आणि खोऱ्यातली शटल बस तिथूनच धरता येते.

तेव्हा तुमच्यासाठी मी असं सुचवेन. २२ तारखेला गाडी घेऊन झायनच्या वाटेवरच्या सेंट जॉर्ज शहरापर्यंतच, सुमारे १२० मैल. २३ आणि २४ वॉचमन. २५ला वर सांगितलेल्या युटा-२०ने ब्राइस, दोन रात्री पार्कबाहेरच्या पूर्ण जोडणीच्या कॅम्पग्राउंडमध्ये. २७ला युटा-१२ने कॅपिटल रीफजवळचं टोरी गाव, ११५ मैल, सकाळी लवकर निघून, म्हणजे दुपारी फ्रूटाच्या फळबागा बघता येतील. २८ला युटा-२४ आणि आय-७०वरून परत सेंट जॉर्ज, साधारण २३५ मैल, हा एकच लांब दिवस. २९ला सकाळी व्हेगास. दुपारी ढग दाटले तर अरुंद घळीत आणि ओढ्याच्या पात्रात उतरू नका, पाऊस मैलोगणती दूर पडला तरी पूर तिथे येतो. ग्रँड कॅन्यन आणि मोआब वेगळ्या सहलीला ठेवा.

वॉचमनच्या जागा सहा महिने आधी, दिवसागणिक खुल्या होतात. तुमची पहिली रात्र २३ जून, म्हणजे २३ डिसेंबरला ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या) वेळेप्रमाणे सकाळी १० वाजता. आरक्षणाच्या संकेतस्थळावर खातं आधीच उघडून ठेवा, गाडीची लांबी ३० फूट अशी भरा, आणि वीज असलेल्या तीन-चार जागांचे क्रमांक लिहून पाच मिनिटं आधी लॉगिन करून बसा.