आदर्श सोलापूर लिहायला बसण्यापूर्वी

आदर्श नगरीवर कादंबरी लिहायची म्हणता? मग ती सोलापुरातच घडवा. एप्रिल-मेच्या उन्हात इथला माणूस कुठल्याही स्वर्गाला हो म्हणतो.

सुरुवात नळापासून करा. २४ तास पाणी सोडा. आता एवढं पाणी द्यायचं, तर दोनदा आंघोळ कोण करतं हे कळायला नको? प्रत्येक नळाला एक डोळा बसवा. ‘पाणी आलं का बे?’ हा प्रश्नच मिटेल. गल्लीतली निम्मी बोलणी त्यावर चालायची, हे खरं. पण सगळं मिळाल्यावर शेजाऱ्यांनी बोलायचं तरी कशाला? शेंगाचटणीचा तिखटपणा समिती ठरवेल. सगळ्या चादरींवर एकच नक्षी, म्हणजे जावाजावांची भांडणंही खलास.

घाबरू नका, परंपरा तुमच्या बाजूची आहे. इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ साली ‘युटोपिया’ लिहिलं, एका आदर्श बेटाची गोष्ट. त्या बेटावर दिवसाला ६ तास काम, सोन्याला किंमत नाही, दाराला कुलूप नाही. (म्हणजे कोणीही, केव्हाही घरात. असो.) परगावी जायचं तर परवाना. विनापरवाना दुसऱ्यांदा सापडलात तर गुलामी. गुलामांच्या बेड्या मात्र सोन्याच्या! मोर यातलं काही लपवत नाही. गोष्ट सांगणारा त्याचा दर्यावर्दी पाहुणा तर हे सगळं कौतुकाने सांगतो.

उलट इंग्रज कादंबरीकार ऑल्डस हक्सलीने १९३२ साली ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये रंगवलेल्या जगात मुलं बाटलीत वाढतात, दुःख झालं की ‘सोमा’ची गोळी मिळते. बहुतेक माणसं मजेत असतात. त्याला आपण बिनदिक्कत नरक म्हणतो.

तेव्हा मोरची युक्ती उचला : सांगणारा पाहुणा ठेवा. त्याला संक्रांतीला बोलवा, गड्ड्याची जत्रा दाखवा, सिद्धेश्वर तलावाभोवती फिरवा, हुरडा खाऊ घाला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला रवाना करा. परवान्याच्या रांगेकडे फिरकूही देऊ नका. मुक्काम आठवडाभर लांबला, की कादंबरीची जातच बदलते.

आणि त्या रांगेत विड्या वळणारी एखादी बाई असेल, तिला संवाद देऊ नका. ती दोन वाक्यांत तुमचा स्वर्ग उसवेल. दिलेच, तरी मजकुराला हात लावू नका; मुखपृष्ठावरचं निळं आकाश तेवढं राखाडी करून घ्या. प्रकाशक खूश होईल, राखाडी सध्या खपतं.