‘झोप काय, घरी गेल्यावर होईल’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेले काही दिवस एक संदेश फिरतोय. मला तो तिघांकडून आला. सार असं: ‘हॉस्पिटल म्हणजे हॉटेल नव्हे. रात्री उठवतात ते काळजीपोटीच. झोप लागत नसेल तर गोळी मागा. लहान मुलांची चिंताच नको, ती दमली की कुठेही झोपतात. आणि चार रात्रींच्या जागरणाने काही बिघडत नाही, घरी गेल्यावर झोप भरून निघते.’ पाठवणाऱ्यांचा हेतू धीर देण्याचाच असेल. पण मी नर्स आहे, नाइट ड्युटीत बरीच वर्षं काढली आहेत, आणि हे वाचून मला गप्प बसवलं नाही.

‘चार रात्रींनी काही बिघडत नाही.’ बिघडतं. 1999 साली शिकागोमध्ये 11 निरोगी तरुणांना सलग 6 रात्री फक्त 4-4 तास झोपू दिलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. ही धडधाकट माणसं होती. ताज्या टाक्यांचा, तापाने फणफणलेला माणूस तर आधीच अर्धा रिता झालेला असतो. झोप मोडली की दुखणंही जास्त जाणवतं, हे तर आम्ही रोज बघतो. आणि घरी गेल्यावर भरपाई? 2013 मध्ये हार्लन क्रुमहोल्झ या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी मांडलं, की डिस्चार्जनंतरचे काही आठवडे रुग्ण एकूणच कमकुवत असतो आणि बऱ्याचदा मूळ आजार सोडून भलत्याच कारणाने पुन्हा भरती होतो. यामागच्या कारणांत त्यांनी वॉर्डातल्या जागरणाचाही समावेश केला.

‘उठवतात ते काळजीपोटीच.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून इथे जरा थांबते. ज्याची तब्येत वरखाली होतेय त्याला रात्री तपासावंच लागतं, त्यात तडजोड नाही. पण सगळं उठवणं तसं नसतं. एका रात्री मी सात नंबरच्या खाटेवरच्या काकांना कधी कधी जाग आली ते लिहून ठेवलं. ऑपरेशनचा तिसरा दिवस, सगळं स्थिर. 11:40 ला अँटिबायोटिक. 12:30 ला सलाईन संपून पंप वाजायला लागला. 2 ला बीपी, तेही ट्यूबलाइट लावून. 3:15 ला शेजारच्या खाटेवर नवा पेशंट. 4:45 ला रक्ताचा नमुना. 5:30 ला फरशी पुसायला बादली आली. एकदा जाग आल्यापासून पुन्हा जाग येईपर्यंतचं सर्वांत मोठं अंतर दीड तासाचं, आणि त्यातही पुन्हा डोळा लागायला वेळ जाणारच. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं. म्हणजे रात्रभरात एकसुद्धा चक्र धड पुरं झालं नाही. पावणेपाचला सुई बघून काका एवढंच म्हणाले, “सिस्टर, आता काय राहिलं?”

ती यादी मी सकाळच्या राउंडला डॉक्टरांपुढे ठेवली. खरोखर टाळता न येणारी गोष्ट एकच निघाली, ती म्हणजे नवा पेशंट. डोसची वेळ अलीकडे घेता आली. नमुना सहानंतर चालणार होता, कारण रिपोर्ट बघायचा तो नऊला. सलाईन संपायच्या आधी बदलणं तर माझंच काम होतं.

आवाजाचं थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वॉर्डात रात्री सरासरी 30 डेसिबल आवाज असावा. प्रत्यक्षात 50 च्या पुढे आवाज असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि कानाला तो जवळपास चौपट मोठा वाटतो.

‘गोळी मागा.’ गुंगी म्हणजे झोप नव्हे. झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांनी डोळे मिटतात, पण गाढ झोपेचा वाटा कमी होतो. वयस्कर रुग्ण तर त्याने भ्रमतो, सलाईन ओढतो, खाटेवरून उतरताना पडतो. अतिदक्षता विभागासाठीच्या 2018 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी आणि प्रकाश-आवाज कमी करणं सुचवतात. केवळ झोपेसाठी प्रोपोफॉल हे भुलीचं औषध देऊ नये, असंही त्या सांगतात. ज्यांना आधीपासून गोळी चालू आहे त्यांनी मात्र ती मनानेच बंद करू नये.

‘मुलं दमली की झोपतात.’ या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. अर्धवट झोपलेलं मूल पेंगत नाही, ते आणखी चेकाळतं, चावतं, फेकाफेक करतं. मग त्यालाच हट्टी ठरवलं जातं. 3 ते 5 वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून 10 ते 13 तास झोप लागते, 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12. स्वमग्न मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी फार आढळतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा श्वास झोपेत अडखळण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून त्यांच्या घोरण्याकडे दुर्लक्ष करू नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा मेंदू तर झोपेतच घडत असतो. काचपेटीवर सहज ठेवलेली बाटलीसुद्धा त्याला दणका वाटते.

आणि ज्या मुलांनी घरात मारहाण पाहिली आहे, त्यांच्यासाठी रात्र हीच धोक्याची वेळ असते. दमलेली असली तरी ती डोळे मिटत नाहीत, दाराकडे बघत राहतात. माझ्या वॉर्डात अशी एक मुलगी होती. तिला “झोप आता” म्हणून काही होत नसे. दार किती उघडं ठेवायचं हे आम्ही तिलाच ठरवू दिलं. रात्री कोण येणार, कशासाठी येणार, हे आधी सांगायला लागलो. रोज एकच जण तिच्याजवळ बसायचं. तिसऱ्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली, दाराकडे पाठ.

काकांचं राहिलं. दुसऱ्या रात्री ते साडेदहाला झोपले ते थेट सहाला उठले. म्हणाले, “रात्री कुणी आलंच नाही का?” मी तीनदा जाऊन आले होते. टॉर्च जमिनीकडे धरून, छातीची हालचाल बघत, एक मिनिटभर श्वास मोजून.