ट्रिक प्ले म्हणजे जुगार? अजिबात नाही

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांमध्ये दर सीझनला एक मत नव्याने फॉरवर्ड होतं: स्पेशल टीम्सचे (किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंचे) ट्रिक प्ले, म्हणजे फेक पंट (लांब किक मारून बॉल समोरच्यांना देण्याचं नाटक), फेक फील्ड गोल (गुणांसाठी गोलमध्ये किक मारण्याचं नाटक), अचानक मारलेली ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम जवळ मारलेली किकऑफ) वगैरे, हा निव्वळ जुगार आहे, हरायला लागलेली टीम नाइलाजाने खेळते, लागला तर कोच हुशार नाहीतर मूर्ख, आणि तसाही हा रडीचा डाव. मला यातलं एकही वाक्य पटत नाही, आणि सोडून पण द्यावंसं वाटत नाही, कारण या प्लेमागे काही लोकांची आठवडेच्या आठवडे मेहनत असते.

आधी जुगाराचं बघू. 7 फेब्रुवारी 2010, मायामी, सुपर बोल 44, म्हणजे एनएफएल लीगची फायनल. हाफटाइमला सेंट्स कोल्ट्सच्या मागे 6-10, आणि दुसरा हाफ सुरू करतानाच सेंट्सचा कोच शॉन पेटनने ऑनसाइड किक मारायला लावली, प्लेचं नाव अँबुश. आता यात डिझाइन काय ते नीट बघा. तेव्हा किकऑफ घेणाऱ्या टीमच्या पहिल्या फळीचं खरं काम मागे पळत जाऊन ब्लॉकिंग लावणं (समोरच्यांना अडवणं) असायचं, त्यामुळे त्यातले काही जण किकरचा पाय बॉलला लागायच्या आतच वळायला लागायचे, समोर बघायचेच नाहीत. ही सवय फिल्ममध्ये दिसायची. आणि नियम असा की बॉल 10 यार्ड गेला की किक मारणारी टीमसुद्धा तो घेऊ शकते. म्हणजे त्या वळण्याच्या क्षणात बॉल बरोब्बर तेवढाच लांब टाकायचा, आणि तोपर्यंत किकरचा रनअप रोजच्यासारखाच दिसला पाहिजे. किक मारणारा थॉमस मोर्स्टेड तेव्हा रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा होता, त्याने मॅचच्या आधी ही किक घोटून घोटून तयार केली होती. बॉल कोल्ट्सच्या हँक बास्केटच्या अंगावरून उडाला आणि खेळाडूंच्या ढिगाऱ्याखालून सेंट्सच्या ख्रिस रीसने तो काढला. बॉल कसा उडेल हे नशीब, मान्य. पण तो उडाला तेव्हा सेंट्सचे खेळाडू तिथे पोचलेले होते, हे नशीब नव्हे. तिथून 58 यार्ड जाऊन टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन 6 गुण), शेवटी सेंट्स 31-17 ने जिंकले. (2024 पासून ऑनसाइड आधी जाहीर करून मारावी लागते, त्यामुळे हा प्ले आता तसाच्या तसा होणं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.)

"हरणारी टीमच करते" म्हणणाऱ्यांनी 19 ऑक्टोबर 2014 ची रॅम्स-सीहॉक्स मॅच काढून बघावी. रॅम्स आघाडीवर होते तरी त्यांनी पंट रिटर्नवर (समोरच्यांचा पंट झेलून परत पळताना) हे केलं: टॅव्हन ऑस्टिन एका बाजूला जाऊन वर बघत बॉल खाली येतोय असा उभा राहिला, ब्लॉकर्स त्याच्याकडे गेले, आणि बॉल खरा पडला दुसऱ्या बाजूला, स्टेडमन बेलीच्या हातात. 90 यार्ड, समोर जवळपास कुणी नाही. का चाललं? कारण पंट कव्हर करणारे खाली मान घालून पळत असतात, बॉल कुठे आहे हे ते आकाशात नाही, रिटर्नरच्या नजरेत आणि ब्लॉकर्सच्या हालचालीत शोधतात. रॅम्सच्या स्पेशल टीम्सचा कोच जॉन फासेलच्या युनिटने नेमकी तीच खूण खोटी करून दाखवली. त्याच मॅचच्या शेवटी 28-26 ने पुढे असताना, स्वतःच्या 18 यार्ड लाइनवरून, रॅम्सचा पंटर जॉनी हेकरने पंट न मारता बेनी कनिंगहॅमला पास फेकून फर्स्ट डाउन (10 यार्ड पूर्ण केल्यावर मिळणारे नवे चार प्रयत्न) काढला. हेकर हायस्कूलला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा होता, कोच उगाच नव्हते विश्वास टाकत.

रडीचा डाव? साइडलाइनजवळ खेळाडू लपवणं, बदली खेळाडू आत-बाहेर करून गोंधळ घालणं याला पेनल्टी आहे. उलट नियम फेक करणाऱ्यालाच जड जातात: पंट फॉर्मेशनमध्ये कडेच्या गनरला (पंटमागे धावणाऱ्या कडेच्या खेळाडूला) ढकललं तरी पास इंटरफिअरन्स, म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवल्याची पेनल्टी, मिळत नाही. जानेवारी 2015 मध्ये पॅकर्सविरुद्ध 0-16 असताना सीहॉक्सच्या फेक फील्ड गोलवर पास झेलणारा गॅरी गिलियम टॅकल, म्हणजे एरवी पास झेलायची परवानगी नसलेला ब्लॉकर होता, पण या वेळी आपण पास झेलू शकतो असं त्याने रेफरीला आधी रिपोर्ट केलं होतं. सगळं उघड्यावर. होल्डर (किकसाठी बॉल धरणारा) जॉन रायन बॉल घेऊन पळाला, पॅकर्सचा ए. जे. हॉक त्याच्यावर आला तर डोक्यावरून पास, नाही आला तर स्वतःच पळायचं. हॉक आला. 19 यार्डांचा टचडाउन. गिलियम कॉलेजात टाइट एंड, म्हणजे पास झेलणारा पण होता हे पण लक्षात घ्या.

मग कोल्ट्सची ती 2015 ची क्लिप नाचवतात, पेट्रियट्ससमोर ग्रिफ व्हेलन एकटा बॉलवर वाकलेला, मागे कोल्ट अँडरसन, बाकी टीम पार उजवीकडे. हसतात सगळे. पण तो प्ले स्नॅप करण्यासाठी (बॉल मागे देऊन खेळ सुरू करण्यासाठी) नव्हताच मुळी! समोरच्यांना घाईत बदल्या करायला लावायच्या, ते फसले नाहीत तर बॉलला हात लावायचा नाही, एवढंच. सराव केलेला खेळाडू जखमी, व्हेलनला हा प्ले सरावात मिळालाच नव्हता, त्याने स्नॅप केला. म्हणजे चूक कागदावरच्या आकृतीत कमी आणि सरावात जास्त. कुणी म्हणेल 2000 च्या जानेवारीत टायटन्सच्या किकऑफ रिटर्नवरच्या ट्रिक प्लेमध्ये केविन डायसनला पण ऐन वेळी सांगितलं होतं. हो, पण त्याला फक्त फ्रँक वायचेकच्या मागे राहून बॉल झेलायचा होता. फेकण्याचा अवघड भाग वायचेकचा, आणि टायटन्स तो प्ले नेमाने घोटायचे.

आणि "फसला की मूर्ख" हे तर हिशोब न करता बोलणं झालं. सुपर बोल 47 मध्ये रेव्हन्स 14-3 ने पुढे, चौथा डाउन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), फर्स्ट डाउनला 9 यार्ड हवे होते, फेक फील्ड गोलवर किकर जस्टिन टकर बॉल घेऊन पळाला आणि 8 यार्डांवर अडकला. फसला ना? पण फोर्टी नायनर्सना बॉल मिळाला स्वतःच्या 6 यार्ड लाइनवर, तिथून त्यांना पंट करावा लागला, आणि लगेच रेव्हन्सच्या जकोबी जोन्सने पास झेलून 56 यार्डांचा टचडाउन केला.