‘साथीत चर्च बंद म्हणजे विश्वास बंद’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

कोविडच्या काळापासून कॅथलिक गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. पूर्वीच्या साथींमध्ये संतांनी मिरवणुका काढल्या, चर्च कधीच बंद केली नाहीत. ज्याचा विश्वास खरा आहे त्याला रोग शिवत नाही, बायबलमधलं स्तोत्र 91 तसं वचन देतं. मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेत मिळणाऱ्या ख्रिस्तप्रसादातून (पवित्र भाकर-द्राक्षारसातून) रोग पसरूच शकत नाही. 2020 मध्ये पोप, बिशप आणि धर्मगुरू घाबरले, त्यांनी लोकांचे साक्रामेंत (चर्चचे पवित्र संस्कार) हिरावून घेतले आणि रविवारची मिस्सा चुकवण्याचं पाप लोकांच्या माथी मारलं. शेवटी आवाहन असतं : पुढची साथ आली तर कोणाचंही ऐकू नका, चर्च भरून टाका.

हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण मनापासून श्रद्धाळू असतात. त्यांची मिस्सेची ओढ खरी आहे आणि ती मलाही आहे. पण या आवाहनाची किंमत उद्या कोणाला तरी जिवानिशी मोजावी लागेल, आणि ते बहुधा रोज सकाळच्या मिस्सेला न चुकता येणारे म्हातारेकोतारेच असतील. म्हणून गप्प बसवत नाही.

“संतांनी मिरवणुका काढल्या, चर्च कधीच बंद केली नाहीत”

इ.स. 590 मध्ये रोममध्ये प्लेगने थैमान घातलं होतं आणि पुढे पोप झालेले ग्रेगरी द ग्रेट यांनी प्रायश्चित्ताची मोठी मिरवणूक काढली, हे खरं आहे. पण त्याच मिरवणुकीची हकीकत टूर्सचे बिशप ग्रेगरी (हे वेगळे ग्रेगरी) यांनी लिहून ठेवली आहे. त्या वेळी रोममध्ये असलेल्या त्यांच्याच डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पदावरच्या सेवकाने) ती त्यांना सांगितली होती. लोक देवाचा धावा करत असतानाच तासाभरात 80 माणसं कोसळून मेली, असं त्यात आहे. संदेशात मिरवणूक येते, हे 80 जण येत नाहीत.

दुसरं नाव घेतलं जातं ते मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांचं. 1576 च्या प्लेगमध्ये ते गळ्यात दोर अडकवून अनवाणी मिरवणुकीत चालले. इथपर्यंत ठीक. पुढे काय झालं? शहरभर लोकांना घरातच राहण्याचा हुकूम निघाला, तेव्हा बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या उभारायला लावल्या. धर्मगुरूंनी रस्त्यावर मिस्सा अर्पण करायची आणि लोकांनी आपापल्या दारा-खिडकीतून तिच्यात सहभागी व्हायचं. प्रार्थनेच्या ठरावीक वेळी घंटा होई आणि समोरासमोरच्या घरांतून लोक एकमेकांना साद देत प्रार्थना म्हणत. स्वतः ते रुग्णांच्या झोपड्यांपर्यंत जात राहिले. म्हणजे लोकांना एकमेकांपासून लांब ठेवणं आणि मरणाऱ्याजवळ जाणं ही दोन्ही कामं एकाच संताने, एकाच वेळी केली. आज त्यांचं नाव गर्दीच्या बाजूने वापरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि 1656 च्या प्लेगमध्ये खुद्द पोपच्या रोममध्ये मिरवणुका आणि गर्दी जमवणारे धार्मिक कार्यक्रम थांबवण्यात आले होते. ‘कधीच’ हा शब्द टिकत नाही.

“विश्वास असेल तर रोग शिवत नाही”

या मुद्द्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, कारण तो ऐकायला सगळ्यात भक्तिपूर्ण वाटतो. स्तोत्र 91 सुंदर आहे. रुग्णाच्या उशाशी ते म्हणावं, रात्री झोप येत नसेल तेव्हा म्हणावं. पण शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनकथेत, हेच स्तोत्र कोणाच्या तोंडी येतं ते पाहा. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि सांगतो, खाली उडी टाक, कारण देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलं आहे. लिहिलेलं असतंच, ते याच स्तोत्रात. येशू वचन नाकारत नाही, उडी नाकारतो : “परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको.” देवावर भरवसा ठेवणं वेगळं आणि त्याला कोंडीत पकडणं वेगळं. भरल्या चर्चमध्ये मुद्दाम खोकत्या माणसांच्या दाटीत शिरून ‘आता वाचव’ म्हणणं हे दुसऱ्या प्रकारात मोडतं.

उदाहरण हवं असेल तर 1918 चं आहे. इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात असताना स्पेनमधल्या सामोरा शहरात बिशपांनी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) ठेवली. लोक लागोपाठ संध्याकाळी जमले आणि साथीत ज्यांचा धावा केला जातो त्या संत रॉक यांच्या अवशेषांचं चुंबन घ्यायला त्यांनी रांगा लावल्या. सामोरातलं मृत्यूचं प्रमाण स्पेनमधल्या इतर शहरांपेक्षा जास्त राहिलं. त्या लोकांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? संदेशाचा तर्क मानला तर तसंच म्हणावं लागेल, आणि कोविडमध्ये गेलेल्या प्रत्येक जपमाळ हातात धरलेल्या माणसाबद्दलही तेच म्हणावं लागेल. हे क्रूर आहे.

“ख्रिस्तप्रसादातून रोग पसरूच शकत नाही”

ख्रिस्त रोग देत नाही, याबद्दल वादच नाही. पण कॅथलिक शिकवण काय आहे? अभिमंत्रणानंतर (मिस्सेत धर्मगुरूने पवित्र शब्द उच्चारल्यावर) भाकर आणि द्राक्षारस यांचं तत्त्व बदलतं, बाह्य गुण तसेच राहतात : रंग, चव, वजन, ओलसरपणा. हे संत थॉमस अॅक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडलं आणि त्याचा परिणामही त्यांनी स्वतःच सांगून ठेवला. अभिमंत्रित प्याल्यात विष असल्याचं कळलं तर धर्मगुरूने ते स्वतः पिऊ नये आणि दुसऱ्यालाही देऊ नये, जीवनाचा प्याला मरणाचा होता कामा नये. 1570 च्या रोमन मिस्सलमध्येही (मिस्सेच्या अधिकृत ग्रंथात) अशा प्रसंगी काय करायचं याची बारीक सूचना होती : तो द्राक्षारस वेगळ्या पात्रात काढावा, नव्या द्राक्षारसाचं अभिमंत्रण करावं, आणि मिस्सेनंतर आधीचा कापडात टिपून घेऊन, सुकल्यावर जाळून त्याची राख पवित्र जागी सोडावी. ज्या मंडळींनी हे लिहिलं त्यांच्या श्रद्धेबद्दल कोणाला शंका नाही. ग्लूटेन न सोसणाऱ्यांसाठी चर्च आजही कमी ग्लूटेनची भाकर चालवून घेतं, तेही याच कारणाने. शिवाय लाळ, श्वास आणि वाटणाऱ्याची बोटं यांचं अभिमंत्रण होत नाही. सामाईक प्याला थांबवला आणि प्रसाद हातावर दिला, यात अश्रद्धा कुठे आली?

“रविवार चुकवायला लावून लोकांना पापात ढकललं”

थोडक्यात : नाही. गंभीर कारण असेल तर रविवारी मिस्सेला जाण्याचं बंधन लागू होत नाही, आणि बिशप त्यातून सूटही देऊ शकतात. आजारी माणूस, तान्ह्या बाळाची आई यांना हे पूर्वीपासून लागू आहे. धर्मसंहितेतल्या (चर्चच्या कायद्यातल्या) 1248 व्या कलमात मिस्सा शक्य नसेल तर घरात, कुटुंबात प्रार्थना करावी असं आवर्जून सांगितलं आहे. आणि मिस्सा बंद नव्हतीच. इटलीत 8 मार्च ते 18 मे 2020 या काळात लोकांसह होणारी मिस्सा थांबली होती, धर्मगुरूंची वेदी थांबली नव्हती. ती मिस्सा साऱ्या जगासाठीच अर्पण होते, समोरची बाकं रिकामी असली तरी.

“धर्मगुरू घाबरून लपले, साक्रामेंत हिरावले”

पहिल्याच लाटेत एकट्या इटलीत शंभराहून अधिक धर्मगुरू गेले. त्यांतले किती जण सेवा करताना बाधित झाले हे मोजता येणार नाही, पण ‘लपले’ हा शब्द त्यांच्या कबरींवर फेकू नये.

साक्रामेंतांचं म्हणाल तर मार्च 2020 मध्ये रोमहून निघालेली पत्रकं वाचावीत. सामूहिक पापमुक्ती, म्हणजे एकेकाची कबुली न ऐकता सगळ्यांना एकत्र दिलेली क्षमा, एरवी अगदी अपवाद म्हणून दिली जाते. तिच्याबद्दल एका टिपणीत उदाहरण दिलं होतं : रुग्णालयाच्या वॉर्डच्या दाराशी धर्मगुरूने उभं राहावं आणि आतल्या मरणासन्न रुग्णांना पापमुक्तीचे शब्द ऐकू जावेत म्हणून शक्य असेल तर ध्वनिवर्धक वापरावा. ज्यांना कोणीच गाठू शकत नव्हतं त्यांच्यासाठी 20 मार्चला जाहीर झालेल्या आदेशात मृत्यूसमयीचं पूर्ण दंडमोचन (पापांच्या उरलेल्या शिक्षेतून संपूर्ण सुटका) होतं. मनाची तयारी आणि आयुष्यात नेमाने केलेली थोडी प्रार्थना पुरेशी, नेहमीच्या अटींची उणीव चर्च भरून काढेल, असं त्यात लिहिलं होतं. आजाऱ्यांच्या साक्रामेंतात रुग्णाला तेल लावताना गंभीर कारण असेल तर बोटाऐवजी साधन वापरायला धर्मसंहितेत आधीपासून मुभा आहे, म्हणून कापसाच्या काडीने अभ्यंग झाला. 2021 च्या राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळावर बोट न टेकवता डोक्यावर राख शिंपडायची सूचना आली. हिरावून घेणारं चर्च इतकी खटपट कशाला करेल?

तरीही या मुद्द्यात दुखणारं काही आहे आणि ते मी झाकणार नाही. पुष्कळ माणसं एकटी मेली. अंत्यविधीला मोजकी माणसं, कुठे तीही नाहीत. काही धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीतल्या समुदायांत) मिस्सेचं प्रसारण सुरू झालं आणि सगळं काम झाल्यासारखं वाटलं. एकट्या राहणाऱ्या आजीला महिनोन्‌महिने कोणाचा फोन गेला नाही. कॅमेरा चालवता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलं नाही. चर्चचं दार बंद ठेवणं हा दोष नव्हता. धर्मग्रामाची यादी हातात असताना एकेका घराची चौकशी न करणं हा दोष होता, आणि त्याला साथीचा कोणताही नियम आड येत नव्हता. जिथे युवकांनी गल्ल्या वाटून घेतल्या, औषधं-शिधा दाराशी ठेवला, फोनवर जपमाळ म्हटली, तिथे कुलूप लावलेल्या चर्चचंही धर्मग्राम जिवंत राहिलं.

“पडद्यावरच चालत असेल तर चर्च हवं कशाला?”

संदेशातला हा टोमणा बिशपांना उद्देशून असतो, पण तो त्यांना लागत नाही. पोप फ्रान्सिस स्वतः रोज सकाळी प्रसारणातून मिस्सा अर्पण करत होते आणि त्यातल्याच 17 एप्रिल 2020 च्या प्रवचनात त्यांनी बजावलं की हे कठीण प्रसंगातलं चर्च आहे, आपण इथेच राहायचं नाही. त्याच वर्षी रोमच्या उपासना विभागाने लोकांनी मिस्सेकडे आनंदाने परतावं म्हणून देशोदेशीच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. पडद्यावरची मिस्सा प्रत्यक्ष मिस्सेची जागा घेऊ शकत नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

पडद्यावरच्या मिस्सेची खरी गरज आहे अंथरुणाला खिळलेल्यांना, जे साथीच्या आधीही चर्चला येऊ शकत नव्हते आणि आजही येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रसारण चालू ठेवावं, आणि रविवारच्या मिस्सेनंतर कोणी ना कोणी ख्रिस्तप्रसाद घेऊन त्यांच्या घरी जावं.