शब्दकोशातल्या त्या बारीक उभ्या रेघेबद्दल कुणीच का सांगत नाही?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

सकाळी आमच्या आठवीतल्या एका मुलीला घेऊन म्हापशाला गेले होते, इंग्रजी वाचन स्पर्धेला. पोर सत्तरी तालुक्यातली. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीत. आपल्यापैकी कितीजण याच वाटेने आलोत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाचलंन छान. एका ठिकाणी ‘फोटोग्राफर’ आला, तो तिने आपण सगळे म्हणतो तसाच म्हटला, ‘फो’वर जोर देऊन, ‘ग्राफर’ पूर्ण ताणून.

शेवटी परीक्षक माईकवर. म्हणाले, काही मुलं इंग्रजी मराठीसारखं वाचतात, ‘युवर प्रोनाऊन्सिएशन मस्ट इम्प्रूव्ह.’ वर तिच्या ‘फोटोग्राफर’ची नक्कल. सभागृह हसलं. पोरीने बॅज काढून खिशात घातला.

बरोबर उच्चार कोणता, तो कसा शोधायचा, याबद्दल चकार शब्द नाही! आणि ‘प्रोनाऊन्सिएशन’ असा शब्दच नाही हो. ‘प्रोनाउन्स’ या क्रियापदात ‘नाउन्स’ आहे, पण नाम होताना तिथला ‘ओ’ स्पेलिंगमधूनसुद्धा गळतो. प्र-नन्-सि-ए-शन, जोर ‘ए’वर.

माझा इतका जळफळाट का झाला, तर हाच ‘फोटोग्राफर’ शब्द. १९९४ साली मी अकरावीत होते. गावातून पहिल्यांदाच शहरातल्या हायर सेकंडरीत आलेली. सरांनी धडा वाचायला उभं केलं, ‘फोटोग्राफर’ आला, मागच्या बाकांवरून हशा. सर म्हणाले, ‘सिट डाऊन.’ बस्स. काय चुकलं ते मला वर्षभर कळलं नाही. ते वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही.

सांगितलं ते ग्रंथपाल बाईंनी. त्यांनी लर्नर्स डिक्शनरी उघडली, त्या शब्दावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. उच्चाराच्या चिन्हांमध्ये, वरच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढी एक उभी रेघ. ‘रेघेच्या पुढचं अक्षर जोरात. बाकीची विरघळू दे.’ फ-टॉ-ग्र-फर. ‘फो’ नाहीच. जोर गेला की ‘ओ’चा नुसता ‘अ’ उरतो, तो दाखवायला तिथे उलटा ‘ई’ छापलेला असतो. हा ‘अ’ तर आपल्या मराठी पोरांच्या तोंडात जन्मापासून आहे! फक्त स्पेलिंगमध्ये ‘ओ’ दिसला की तो म्हणायचं धाडस होत नाही.

मग मी एकेक शब्द काढत सुटले. फोटोग्राफमध्ये जोर ‘फो’वर, फोटोग्राफीत ‘टॉ’वर, फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रॅ’वर. एकाच घरातली भावंडं, पण प्रत्येकाचं नाक वेगळीकडे. हॉटेलमध्ये जोर ‘टेल’वर, कमिटीत ‘मि’वर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर शेवटी. आणि ‘शन’ने संपणाऱ्या शब्दांत जवळजवळ नेहमी ‘शन’च्या लगेच आधी: एज्युकेशन, इन्फर्मेशन, एक्झॅमिनेशन. एवढा एक नियम कुणी सातवीत सांगितला असता तर शेकडो शब्द सुटले असते.

पुढे कधीतरी कळलं की या प्रकारचा शब्दकोश ए. एस. हॉर्नबींनी जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता केला. १९४२ साली तो छापला गेला तोही तोक्योत. म्हणजे पुस्तक इंग्रजांसाठी नव्हतंच, ज्यांच्या घरी इंग्रजी नाही त्यांच्यासाठी होतं. आपल्यासाठी! आणि आपण ते कपाटात कुलूप लावून ठेवतो, तपासनीस आले की टेबलावर मांडतो.

हो, मोबाईल बोलून दाखवतो, मान्य. पण वर्गात मोबाईल चालत नाही, आणि जोर कुठे आहे हे आधी माहीत नसेल तर कानाला तो लागतही नाही. रेघ डोळ्यांना दिसते. (जुन्या काही शब्दकोशांत खूण अक्षराच्या नंतर असते, तेव्हा सुरुवातीची पानं वाचा. कुणी वाचत नाही ती.)

आणि हसायचं तर गोंयकारांनी तरी हसू नये. पर्यटक पेडण्याला ‘पर्नेम’ आणि डिचोलीला ‘बिचोलिम’ म्हणतो तेव्हा आपण पोट धरून हसतो. का म्हणतो तो तसं? तर पोर्तुगिजांनी आपल्या कानाने केलेलं स्पेलिंग तो बिचारा अक्षर न् अक्षर वाचतो. आमच्या पोरीनेही तेच केलं की! स्पेलिंग दगा देतं हे आपल्याइतकं आणखी कुणाला ठाऊक असणार?

कुणी म्हणेल, इंग्रजांसारखं बोललंच पाहिजे का? मुळीच नाही. पण लोकांना शब्द तरी ओळखू यायला हवा ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या परीक्षकांनाही बहुधा कुणी रेघ दाखवली नसेल. आणि मी तरी? नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी वर्गात शब्दार्थ घेतले, स्पेलिंगं घोकून घेतली, ‘वाक्यात उपयोग करा’ घेतलं. पोर्शन संपवायचा असायचा. ग्रंथपाल बाईंची पेन्सिल मला आठवत होती, पण ती मी माझ्यापुरतीच ठेवली. एकदा एक मुलगा ‘कॉमिटी’ म्हणाला तेव्हा माझ्या ओठांवर हसू आलं होतं. त्याने ते पाहिलं होतं.

परतताना कदंबच्या बसमध्ये पोरगी खिडकीशी गप्प. साखळीच्या अलीकडे विचारलंन, ‘टीचर, म्हजें खंय चुकलें?’ माझ्या पिशवीत शब्दकोश असतोच. उघडला, पेन नव्हतं म्हणून नखाने रेघ दाखवली. तिने तीनदा पुटपुटून पाहिलं. फ-टॉ-ग्र-फर. शेजारच्या मासळीवाल्या बाईने वळून पाहिलं.

मग माझ्या हातातून पुस्तक घेतलंन आणि स्वतःच मागची पानं उलटत राहिली. बराच वेळ. एका जागी बोट ठेवून माझ्याकडे पाहिलंन.

‘टीचर, हातूंत “नाउ” खंय आसा?’